उनामी लॉज

अमेरिकेतील बालवीर (स्काउट) चळवळीतील ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ या सन्माननीय संघाची पहिली शाखा (लॉज). स्थापना फिलाडेल्फियाच्या ट्रेझर आयलंड शिबिरात, १६ जुलै १९१५. पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी यांच्यामधून वाहणाऱ्या डेलावेअर नदीतील हे बेट.

शिबिराचे संचालक ई. अर्नर गुडमन व त्यांचे सहायक कॅरोल ए. एडसन हे दोघेही तेव्हा विशीतले. बक्षिसांसाठी चुरस लावण्यापेक्षा, सोबत्यांसाठी मनापासून राबणाऱ्या मुलाचा गौरव व्हावा, असे त्यांना वाटे. त्यांनी संघाचे सभासद निवडण्याचा अधिकार मुलांच्याच हाती दिला. त्यातही विशेष असे, की मतदानात सभासद नसलेली मुलेही असत. त्यामुळे मोठ्यांची मर्जी वा जुन्या सभासदांचा गट निर्णायक ठरत नसे. संघाचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य हेच.

पहिला दीक्षाविधी रानात, काळे झगे घालून, शेकोटीच्या उजेडात झाला. जॉर्ज चॅपमन हे शाखेचे पहिले प्रमुख. संघाचे मूळ नाव ‘विमाख्टेंडिंक’ (बंधुभाव) लेनापी या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेतून घेतलेले. ‘उनामी’ हेही लेनापींच्या एका शाखेचे नाव असून कासव हे लॉजचे चिन्ह आहे. ज्यांची नावे व प्रतीके अशी उसनी घेतली, त्या लेनापींना मात्र त्यापूर्वीच या नदीखोऱ्यातून पश्चिमेकडे हुसकावण्यात आले होते. हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पुढे इतर शहरांतही शाखा निघाल्या व १९२१ मध्ये त्यांची पहिली राष्ट्रीय सभा भरली. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेने १९३४ मध्ये संघाला मान्यता दिली.