गहू बंद केल्यावर त्रास वाढला? पथ्य सोडण्याआधी ही कारणं तपासा

डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितला की घरच्यांना वाटतं, आता चार-आठ दिवसांत पेशंट बरा होणार. बऱ्याच जणांचे जुलाब आणि पोटदुखी काही आठवड्यांत कमी होतातही. पण काहींना उलटाच अनुभव येतो. पोट साफ होत नाही, दूध पचत नाही, डोकं दुखतं, भूक आवरत नाही, नाहीतर पायावर सूज येते. मग ‘हे पथ्य आपल्याला मानवत नाही’ म्हणून पुन्हा चपाती सुरू होते आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. यातला कोणता त्रास साधा, कोणता घरीच सुधारता येतो आणि कोणत्या त्रासात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे समजून घेतलं पाहिजे.

ग्लूटेन म्हणजे काय?

कणकेचा गोळा पाण्याखाली धुत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिकट भाग उरतो. त्यात मुख्यतः ग्लूटेन असतं. हे प्रथिन गहू, जव आणि राय या धान्यांत असतं. खपली असो, बन्सी असो की लोकवन, सगळ्याच गव्हांत ते आहे. ‘खपली पचायला हलका, तो चालतो’ हा समज या आजारात महागात पडतो. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, बिस्कीट, टोस्ट हे सगळं गव्हातच आलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळींत ग्लूटेन नसतं.

सीलिॲक नावाच्या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातला कस तिथूनच रक्तात जातो. हे उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते, पोट पुढे येतं, वारंवार जुलाब होतात. मोठ्यांमध्ये कधी कधी पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. भारतात हा आजार उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या राज्यांत जास्त आढळतो, पण महाराष्ट्रातही त्याचे पेशंट आहेत.

गव्हाशी या आजाराचा संबंध नेदरलँडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिला. आजही यावर मुख्य उपाय एकच, ग्लूटेन आयुष्यभर बंद.

आधी तपासणी, मग पथ्य

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. मोबाईलवर व्हिडीओ बघून किंवा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून लोक आधी गहू सोडतात आणि तीन-चार महिन्यांनी तपासणीला जातात. सीलिॲकसाठी रक्ताची ‘टीटीजी आयजीए’ तपासणी करतात आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. या दोन्ही तपासण्या गहू खाणं चालू असतानाच बरोबर येतात. गहू बंद केल्यावर रक्तातल्या खुणा कमी होत जातात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग खात्री करण्यासाठी डॉक्टर पुन्हा साधारण सहा आठवडे गहू खायला सांगतात. तेव्हा पेशंटचे फार हाल होतात.

गहू सोडून बरं वाटलं, म्हणजे सीलिॲकच असेल असंही नाही. गव्हात फ्रुक्टन नावाचा पदार्थ असतो, त्यानेही काहींचं पोट फुगतं. तोच पदार्थ कांद्यात आणि लसणातही असतो. शिवाय गव्हाची ॲलर्जी हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. तिन्हींचं पथ्य सारखं नाही, म्हणून आजाराचं नाव नक्की कळणं गरजेचं आहे.

पहिल्या काही आठवड्यांतले त्रास

पोट साफ न होणे : ज्याला रोज जुलाब होत होते, त्याला अचानक बद्धकोष्ठता होते. कारण साधं आहे. चपातीतून कोंडा पोटात जात होता, तो बंद झाला आणि त्याच्या जागी पांढरा भात, साबुदाणा, पोहे आले. यांत चोथा फार कमी असतो. ज्वारी-बाजरीची न चाळलेल्या पिठाची भाकरी, पालेभाजी, शेंगभाज्या, पेरू आणि भरपूर पाणी, एवढं केलं तरी फरक पडतो.

पोट फुगणे, गॅस : याच्या अगदी उलट चूक म्हणजे एकाच दिवशी सगळं बदलणं. ज्याला भाकरीची सवयच नाही, त्याने दोन वेळा बाजरी, वर बेसनाचं पिठलं आणि उसळ खाल्ली तर पोट गच्च होणारच. गहू पूर्ण बंद, पण नवीन धान्यं आणि कडधान्यं हळूहळू वाढवायची.

दूध न पचणे : दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या त्याच उंचवट्यांवर तयार होतो. उंचवटे झिजलेले असले की दूध प्यायल्यावर पोट गुरगुरतं, फुगतं, पातळ होतं. गहू बंद केला आणि ताकद यावी म्हणून दूध वाढवलं, तर जुलाब पुन्हा सुरू होतात आणि दोष पथ्यावर जातो. काही आठवडे दूध कमी करून दही-ताक घेतलं तर बहुतेकांना चालतं. आतडं भरून आलं की बऱ्याच जणांना दूध पुन्हा पचू लागतं.

डोकेदुखी, चिडचिड, थकवा : काही जण सांगतात की पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोकं जड राहतं आणि कामात लक्ष लागत नाही. त्याला ‘गव्हाचं व्यसन सुटतंय’ असं म्हणायची पद्धत पडली आहे, पण दारू-तंबाखू सुटण्यासारखा हा प्रकार नाही. काय खायचं ते सुचत नाही म्हणून माणूस अर्धपोटी राहतो. चहासोबतची बिस्किटं-खारी बंद होते आणि सकाळ उपाशी जाते. त्यात रक्त आधीच कमी असतं. वेळेवर पोटभर जेवण हा पहिला उपाय. रक्त, बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलेलं बरं.

जास्त भूक आणि वाढतं वजन : आतडं सुधारलं की खाल्लेलं अंगी लागायला लागतं. वाळलेल्या मुलासाठी ही चांगली खूण आहे. ज्यांचं वजन आधीच जास्त आहे, त्यांनी मात्र भात, साबुदाणा आणि तळलेले पदार्थ जपून खावेत.

त्वचेची खाज : काही पेशंटच्या कोपरावर, गुडघ्यावर, कमरेखाली खाजणारे बारीक फोड येतात. हा सीलिॲकचाच एक प्रकार आहे. पोट महिनाभरात सुधारलं तरी हे फोड जायला कित्येक महिने लागतात. त्यासाठी वेगळं औषध असतं, नुसतं खाजेचं मलम लावून भागत नाही.

चुकून खाल्लं की जास्त त्रास : आधी रोज चार चपात्या पचायच्या आणि आता लग्नात घासभर शिरा खाल्ला तर दोन-तीन तासांत उलट्या, असं का? काही महिने ग्लूटेन बंद असलं की शरीराची प्रतिक्रिया अनेकदा अशीच जोरात उमटते. याचा अर्थ पथ्याने पोट नाजूक झालं असा नाही.

या त्रासांकडे दुर्लक्ष नको

फार वाळलेलं, अंगात काहीच न उरलेलं मूल असेल तर घरीच एकदम भरपूर खाऊ घालू नये. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने खाली येतात. सूज, सुस्ती, स्नायूंची कमजोरी, धाप आणि झटके अशी लक्षणं दिसतात, जिवालाही धोका होतो. अशा मुलाचं पथ्य रुग्णालयात दाखल करून, रक्त तपासत, थोड्या थोड्या आहाराने सुरू करतात.

थायरॉईडची गोळी चालू असलेल्यांनीही लक्ष ठेवावं. सीलिॲकसोबत थायरॉईडचा आजार अनेकदा असतो. आतडं सुधारलं की तीच गोळी जास्त शोषली जाते आणि छातीत धडधड, घाम, हाताला कंप असा त्रास होऊ शकतो. गोळी मनाने बंद करायची नाही, रक्त तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यायचा. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखरही वरखाली होते. चपातीऐवजी भात-साबुदाणा आला की ती वाढते, तर कधी इन्सुलिनची गरज बदलल्याने एकदम खाली जाते.

भगरीची गोष्ट वेगळी. ती ग्लूटेनमुक्त आहे, पण दमट हवेत साठवलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी धरते. उपवासाच्या दिवसांत राज्यात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. उलट्या, चक्कर, अंग थरथरणे ही तिची लक्षणं. सुटी, जुनी भगर आणि आधीच दळून ठेवलेलं पीठ घेऊ नये.

गहू लपतो कुठे?

दोन-तीन महिने पथ्य करूनही फरक नसेल, तर बहुतेक वेळा कुठून तरी गहू पोटात जात असतो. खेडेगावात त्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा गिरणी. गव्हाच्या मागे ज्वारी टाकली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या दळणात येतं. गिरणीवाल्याला सांगून साफसफाईनंतर दळावं आणि सुरुवातीचं दोन-तीन किलो पीठ घरातल्या इतरांसाठी किंवा जनावरांसाठी बाजूला काढावं. घरगुती चक्की फक्त या धान्यांसाठी ठेवता आली तर सगळ्यात चांगलं.

दुसरी जागा खळं. रब्बीची ज्वारी आणि गहू मागेपुढेच निघतात आणि मळणी यंत्र तेच असतं. पोतीही गव्हाचीच वापरली जातात. त्यामुळे दळण्याआधी ज्वारी नीट निवडून घ्यावी. गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो, पीठ झाल्यावर दिसत नाही.

तिसरी जागा स्वयंपाकघर. भाकरी तुटू नये म्हणून त्यात मूठभर कणीक घालतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सोया सॉस आणि माल्टच्या पावडरीतही गहू किंवा जव असतो. घरात बाकीच्यांसाठी रेशनचा गहू चालूच राहणार असेल तर पेशंटची भाकरी आधी आणि चपाती नंतर करावी, परात आणि पोळपाट वेगळं ठेवावं. अंगणवाडी, शाळा आणि सप्ताहाच्या पंगतीतही आधीच सांगून ठेवावं.

पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर एक किलोत ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलं पाहिजे, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. पण ही महागडी पाकिटं घ्यायलाच हवीत असं काही नाही. आपल्या भागातली भाकरी, भात, वरण, पिठलं, आंबील, उकडीचे मोदक, घावन हे सगळं चालतं, पीठ शुद्ध असलं म्हणजे झालं.

दवाखान्यात कधी जायचं?

शौचातून रक्त, ताप, न थांबणारे जुलाब किंवा उलट्या, पथ्य करूनही घटणारं वजन, अंगावर सूज, झटके किंवा गळून गेलेलं मूल, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. गहू पूर्ण बंद असूनही सुधारणा नसेल तर आतड्याचा टीबी, जंत किंवा दुसरा आजार नाही ना, हेही तपासावं लागतं. घरात एकाला सीलिॲक निघाला तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो.

बाकी साधे त्रास बहुतेकांचे काही आठवड्यांत कमी होतात. आतडं पूर्ण भरून यायला मात्र लहान मुलांना काही महिने आणि मोठ्यांना एक-दोन वर्षंही लागू शकतात. तोवर जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये जपून ठेवावेत, रोज काय खाल्लं आणि काय त्रास झाला ते वहीत लिहावं आणि ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी.