दाण्याच्या कमिटीत आपलं कोण?

रहिमतपूरवरून जाणारी पुणे-मिरज रेल्वेलाइन. १९०१ साली लहानगे बाबासाहेब भावंडांसंगं याच लाइनीनं मसूरला उतरले. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळग्रस्तांना काम म्हणून तलाव खोदत होते. वडील तिथं कॅशियर. जात कळल्यावर पोरांना गाडीवान मिळेना, रातभर पाणी मिळेना.

जुलै १९४२ मध्ये तेच पोर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झालं. ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक नि मजूर त्यांनी एका परिषदेत समोरासमोर बसवले. तेव्हा ब्रह्मदेश जपानच्या हाती गेलेला, तिथला तांदूळ बंद. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली.

दाणा कमी पडला की कमिटी येते. कमिटी आली की सवाल येतो : मजुरांचा प्रतिनिधी कोण? गिरणीत युनियन होती, ती माणूस पाठवील. पण आपल्या गड्याला साचेखातं बंद. तुटलेला धागा तोंडानं ओढायचा, त्याचा म्हणे विटाळ. जो शेजारी साच्यावर उभं राहू देत नाही, तो आपल्या ताटासाठी किती भांडणार?

खेड्यात तर युनियनही नाही. महाराचं पोट खळ्यावरच्या बलुत्यावर. चाकरी रात्रंदिवस, पण कागदावर तो मजूर नाही, वतनदार! मजूरच नाही, तर मजुरांचा प्रतिनिधी कसला? हे वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

१९४३ पासून साताऱ्यात दुसरंही सरकार होतं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. त्यानं न्यायदान मंडळं चालवली, धान्याच्या वाटपात लक्ष घातलं. एका जिल्ह्यात दोन सरकारं. दोघांनाही विचारायचा सवाल एकच : माप कुणाच्या हातात?

दोस्तहो, याचा धडा १९३२ च्या पुणे कराराने आधीच दिला होता. आपला माणूस दुसऱ्यांच्या मतांवर निवडला, की तो दुसऱ्यांचाच होतो. मामलेदारानं नेमलेला मजूर मामलेदाराकडंच बघणार.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दक्षता समित्यांवर अनुसूचित जातीजमाती, बाया, निराधार यांना जागा द्यायला सांगितलं. चांगलं झालं. पण जागा कागदावर भरते, पोट भरत नाही. आपल्या वस्तीनं स्वतः सभा घ्यावी, स्वतःचा माणूस ठरवावा, आणि दर महिन्याला त्याला हिशेब विचारावा.