कार्बनचे बिल मजुराच्या माथी

पर्यावरणाचा विषय निघाला की आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात, हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. आम्हाला हे मान्य नाही. कार्बनचा प्रश्न हा हिशेबाचा प्रश्न आहे. फायदा कोणाच्या खात्यावर जमा होतो आणि तोटा कोणाच्या, हे तपासले पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी भूमिका मांडली की, दारिद्र्यातून सुटायचे तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी स्वस्त, मुबलक वीज हवी. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा सवालही त्यांनी तिथेच उपस्थित केला. वीज कोणासाठी, हा त्यामागचा खरा मुद्दा होता.

१९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळशापासून एक युनिट वीज बनवताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला सुमारे २९०० टन!

हा वायू चंद्रपूरपुरता राहत नाही, साऱ्या पृथ्वीला तापवतो, हे खरे. पण ती झळ सर्वांना सारखी लागत नाही. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला. अशा दिवशी एसीत बसणाऱ्याचे वीजबिल वाढते, उन्हात राबणाऱ्याची रोजी बुडते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. हे नुकसान ३.४ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके आहे. आता सांगा, मे महिन्यात वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, तेंदूपत्ता तोडायला कोण असते? ज्यांना या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून आणि शिक्षणापासून दूर ठेवले, तेच!

सरकारला हे नुकसान ठाऊक नव्हते का? होते. म्हणूनच २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला आणि २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत पोहोचले सुमारे २९ हजार ६०० कोटी, आणि प्रत्यक्ष वापरले गेले सुमारे १५ हजार ९०० कोटी. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्याकडे वळवला गेला. नुकसान मजुराचे आणि भरपाई मात्र सरकारी तिजोरीला! २०२५ मध्ये तर हा उपकर रद्द करून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. कर राहिला, पण त्यामागचा हेतू पुसला गेला.

वीज नको, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांच्या वारसांनी तसे म्हणूच नये. आमची मागणी साधी आहे. कोळशावरच्या करातला ठरावीक वाटा कोळसा जिल्ह्यांतल्या मजुरांसाठी राखून ठेवा. पारा चढला की दुपारी काम बंद आणि त्या तासांची पूर्ण मजुरी, हा हक्क कायद्यात लिहा.

मित्रहो, ग्रामसभेत, युनियनमध्ये, मोर्चात हा हिशेब मांडा. ज्याचे नुकसान कागदावर येत नाही, त्याची भरपाई कधीच मंजूर होत नाही.

जय भीम!