मागे जोडायची गाडी



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. ओझी वाहण्यालाही इतिहास आहे. पण ओझी वाहणारांच्या हाती लेखणी नव्हती, म्हणून तो फारसा लिहिला गेला नाही. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा माझा विषयही तसाच, चाकांचा आहे. मोटारीच्या मागे जोडायची, स्वतःचे इंजिन नसलेली जी गाडी, जिला जगभर ट्रेलर म्हणतात, ती कशी जन्मली आणि निवडताना तिच्यात काय पाहावे, हे मला सांगायचे आहे.

१९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा एक लोहार होता. घोड्यांच्या गाड्या बांधणे हा त्याचा धंदा. फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याला उन्हाळ्यातील मुक्कामाच्या गावी आपली नाव न्यायची होती. फ्रूहॉफने त्याच्या फोर्ड मॉडेल टी मोटारीला मागून जोडता येईल अशी एक गाडी करून दिली. नाव सुखरूप पोहोचली. पण व्यापाऱ्याच्या डोक्यात लगेच दुसरा विचार आला. त्याने लाकडाच्या वखारीसाठी तशाच गाड्या मागितल्या. १९१८ मध्ये त्या लोहाराची रीतसर कंपनी झाली. तत्त्व अगदी जुने होते : घोडा पाठीवर जेवढे वाहील त्याच्या कितीतरी पट तो ओढून नेईल. तेच मोटारीला लागू पडले.

पुढची पायरी १९२५ ची. त्या वर्षी फोर्डने मॉडेल टी मोटार मागे उघडी पेटी बसवून कारखान्यातूनच विकायला काढली. तोवर शेतकरी नि दुकानदार अशा पेट्या स्वतः ठोकून घेत. हीच पिकअप. मग दुसरे महायुद्ध आले. जीपचा पहिला नमुना १९४० मध्ये ज्या अमेरिकन बँटम कंपनीने बनवला, तिच्या हातून मोठी कंत्राटे निसटली व विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेली. बँटमच्या वाट्याला जीपमागची पाव टनी ट्रेलर बनवणे आले. युद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, नौदलातून सुटलेला लिओनार्ड शोएन आणि त्याची पत्नी अ‍ॅना मेरी यांना घरसामान दुसऱ्या शहरी न्यायचे होते, पण भाड्याने ट्रेलर मिळेना. त्यांनी पाच हजार डॉलर घालून यू-हॉल ही कंपनी काढली. एका गावी ट्रेलर घ्यावी आणि दुसऱ्या गावी सोडून द्यावी, ही सोय तिने सामान्य माणसाला दिली.

आता निवडीचा प्रश्न. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘माझी पिकअप किती ओढेल?’ आपला गाडीवान त्याहून शहाणा प्रश्न विचारी : ‘भार कुठे आहे?’ माल मागे जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचे गणित हेच आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या गोळ्यावर पडला पाहिजे. तो कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही फिरवून टाकते. तो फार झाला तर पिकअपची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते.

दुसरी गोष्ट, पाटीवरचा आकडा. अमेरिकेतील एका आसाच्या नेहमीच्या ट्रेलरची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो असते. पुष्कळांना वाटते, एवढा माल भरावा. पण त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. ते ४५० किलो असेल तर मालाला उरले १,१४० किलो. शिवाय गोळ्यावर पडणारा १६० ते २४० किलो भार पिकअपच्या खात्यात जातो. तेवढा माल पिकअपच्या पेटीत कमी भरला पाहिजे. माल याहून जड असेल तर दोन आसांची ट्रेलर घ्यावी. पैसे वाचवावेत ते रंगात नि फळ्यांत. आस, टायर आणि जोड यांत वाचवू नयेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेक. ओढणे सोपे, थांबवणे अवघड. वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट होते. युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंडांची आहे. जोड तुटला तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून साखळ्याही हव्यात.

येथे माझ्यातला युनियनवाला बोलल्यावाचून राहत नाही. ट्रेलरमुळे मालकाचा मोठा फायदा झाला : एक ट्रेलर भरली जात असताना तीच मोटार दुसरी घेऊन रस्त्याला लागू शकली. पण माल भरेपर्यंत चालकाला जो विसावा मिळे, तो त्यात नाहीसा झाला. अमेरिकेतील मोटारचालकांची टीमस्टर्स युनियन १९०३ सालची. टीमस्टर म्हणजे जनावरांची जोडी हाकणारा. मिनिआपोलिस शहरात १९३४ च्या संपात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन कामगार मेले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या मोटर कॅरियर कायद्याने चालकांच्या कामाच्या तासांवर बंधन घालण्याचा अधिकार सरकारी आयोगाला दिला.

हे सारे दूर देशीचे वाटेल. तर ऊसहंगामात रात्रीच्या वेळी रस्त्यावर उभे राहून पाहा. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नाही की ब्रेक नाही. कधी उसावरच तोडणी कामगाराचे कुटुंब बसलेले असते. ट्रॉली निवडतो एक, भरतो दुसरा, हाकतो तिसरा. आणि अपघात झाला की जाब फक्त तिसऱ्याला विचारला जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. जो हाकणार त्याला निवडीच्या वेळी विचारा, आणि त्याने ‘हिला ब्रेक नाहीत, मी नेणार नाही’ असे म्हटले तर त्याची मजुरी कापू नका. आपल्यापैकी जे कारखान्यांचे सभासद आहेत, ट्रॉल्यांचे मालक आहेत, त्यांनी यंदाच्या हंगामापूर्वी एवढे करावे : ट्रॉलीखाली वाकून आस पाहावा, पाटी वाचावी, ब्रेक आणि मागचा दिवा बसवून घ्यावा. हा खर्च फार नाही.