पिवळ्या डागाचा पूर्वपक्ष

श्रावणात दोन दिवस ऊन पडते आणि बंगल्यापुढच्या हिरवळीवर ताटलीएवढा पिवळा गोल उठून दिसतो. माळी वाकून बघतो न बघतो तोच निदान होते, "साहेब, बुरशी लागलीय." मग कृषी सेवा केंद्रातून कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबच्या मिश्रणाची पुडी येते, पाठीवरच्या पंपात ती कालवली जाते आणि त्याच संध्याकाळी साऱ्या लॉनवर फवारा होतो. 'जरा हिरवं दिसू दे' म्हणून वर मूठभर युरियाही फेकला जातो. पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांत हा क्रम इतका रुळला आहे की त्याविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. हिरवळीला बुरशीचे रोग होतात, हे खरे. चार महिने ओल, ढग आणि उबदार हवा म्हणजे बुरशीला आवतण, हेही खरे. फवारल्यावर पंधरा दिवसांत डाग भरून आला, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. पुडी महाग नाही. मग तपासत बसण्यापेक्षा फवारून मोकळे झाले तर बिघडले काय?

माझा पहिला आक्षेप 'बुरशी' या एकवचनावर आहे. हिरवळीवर रोग पाडणाऱ्या बुरशी अनेक, आणि त्यांच्या आवडीनिवडी एकमेकींच्या उलट. डॉलर स्पॉट घ्या. अमेरिकेतल्या चांदीच्या डॉलरएवढे वाळके ठिपके पडतात म्हणून हे नाव. घरगुती उंचीच्या गवतावर ते पुरीएवढे होतात. पान जवळून पाहिले तर मधोमध वाळका पट्टा दिसतो, डमरूसारखा कमरेत आवळलेला, आणि त्याला बहुधा तांबूस तपकिरी कड असते. हा रोग उपाशी हिरवळीचा. नत्र कमी पडले की तो बळावतो आणि थोडे नत्र दिले की गवत वाढून डाग मागे टाकते. आता रायझोक्टोनिया पाहा. तिचे गोल मोठे, वेडेवाकडे, कधी चटईएवढे. कोंब मातीलगत, पानाच्या देठाशी कुजतो आणि ओढला की अलगद हातात येतो. नत्राने फोफावलेले मऊ, रसरशीत गवत हे तिचे खाद्य. म्हणजे युरियाची तीच मूठ एका रोगावर औषध आहे आणि दुसऱ्याला सरपण. कोणता डाग कोणाचा हे न पाहता ती फेकणे हा जुगार झाला. हिवाळ्यात मेक्सिकन गवतावरून किंवा हरळीवरून चालताना पांढऱ्या बुटांना नारिंगी भुकटी लागते तो तांबेरा. गवताची वाढ मंदावली, सावली पडली की तो येतो, आणि हलके खत व नियमित कापणी एवढ्यावर बहुतेक वेळा निभावते.

आणखी एक रोग असा, की तो करणारा जीव बुरशीच नव्हे. पिथियम. उकाड्याच्या ओल्या रात्रीनंतर पहाटे गवत तेलकट, चिकटून बसल्यासारखे दिसते, वर कापसासारखी जाळी असते आणि डाग पाण्याच्या वाटेने किंवा कापणीयंत्राच्या चाकांमागे पसरत जातात. वनस्पतिरोगतज्ज्ञ एडविन जॉन बटलर यांनी 1907 साली बिहारमधल्या पुशाहून या पिथियमवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची गणना बुरशीतच होत असे. आज आपल्याला माहीत आहे की त्याची पेशीभिंत मुख्यतः सेल्युलोजची, खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नव्हे, आणि त्याचे कूळही निराळे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनात अडथळा आणते. पिथियमवर त्याचा असर होत नाही. पुडीतले मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर थोडे राखण करते, पण शिरलेला रोग बाहेर काढू शकत नाही. तिथे मेटॅलॅक्सिलसारखे वेगळे औषध लागते, तेही वेळेत. बाकी लोक ज्या पुडीवर विसंबतात, ती नेमकी या सर्वांत वेगवान रोगापुढे जवळजवळ निकामी ठरते.

दुसरा आक्षेप याहून साधा: पुष्कळ डाग रोगाचे नसतातच. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका सप्टेंबरमध्ये आमच्या अंगणातले गवत ठिकठिकाणी पिवळे पडले. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी दोनदा बुरशीनाशक फवारले. साळुंक्या रोज सकाळी तेवढ्याच जागा चोचीने उकरत होत्या, ते मी बघत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो. शेवटी एक कड धरून ओढली तर हिरवळ चटईसारखी गुंडाळत आली. खाली मुळे नव्हतीच; होत्या त्या अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढुरक्या अळ्या. हुमणी. वळवाच्या पहिल्या सरीनंतर कुंपणाच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे जमले होते, त्यांनीच मातीत अंडी घातली होती. आजार रेड्याला, औषध पखालीला, असे ते दोन फवारे झाले. तेव्हापासून मी कोणालाही पहिल्यांदा गवत ओढून पाहायला सांगतो. मुळापासून सुटले तर हुमणी, मातीलगत कुजून तुटले तर रायझोक्टोनियाची शंका, घट्ट राहिले तर पान बघायचे. मधे जळका ठिपका आणि भोवती गर्द हिरवे कडे असेल तर शेजारचा कुत्रा. साऱ्या लॉनचे शेंडे एकसारखे पांढुरके, चिंध्या झालेले असतील तर कापणीयंत्राच्या पात्याला धार लावा. पानांवर राखेसारखी पूड बसली असेल तर ती श्लेष्मबुरशी, म्हणजे नावापुरती बुरशी. पाइपाच्या धारेने धुऊन जाते. पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्या तर जमिनीखाली राहिलेल्या जुन्या मुळ्या किंवा बांधकामाचे लाकूड कुजवत असतात, गवत नव्हे.

तिसरा मुद्दा 'फवारले आणि बरे झाले' या अनुभवाचा. आपल्या न्यायशास्त्राने याला फार पूर्वी नाव दिले आहे: काकतालीय न्याय. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले. झड संपली, ऊन आले, पाने सुकली. बहुतेक पानांचे रोग तेवढ्यानेच थांबतात. खात्री हवी असेल तर पुढच्या वेळी फवारणीपूर्वी डागाच्या अर्ध्या भागावर पत्रा झाका आणि फवारा सुकल्यावर काढून घ्या. पंधरा दिवसांनी दोन्ही भाग सारखेच भरून आले असतील, तर पुडीचे श्रेय उन्हाला द्यावे लागेल. उलट, तेच औषध पुन्हा पुन्हा मारण्याची किंमत खरी आहे: कार्बेन्डाझिमच्या गटातल्या औषधांना डॉलर स्पॉटची बुरशी अमेरिकेत 1970च्या दशकातच दाद देईनाशी झाली. आपल्याकडे तर एकाच आठवड्यात ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डाझिम दोन्ही देणारे माळी मी पाहिले आहेत. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, आणि कार्बेन्डाझिमपुढे अतिशय नाजूक. विकत आणलेला मित्र आपणच मारायचा, असा तो प्रकार.

मग करायचे काय? रोग होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: रोगकारक, रोगाला बळी पडेल असे गवत आणि सोयीची हवा. रोगकारक मातीत असतोच, तो संपवता येत नाही. हातात आहे ती पानावरची ओल. रात्री दव पडून पान भिजतेच. संध्याकाळी पाणी दिले की ते सूर्यास्तापासूनच ओले राहते आणि बुरशीला रुजायला पुरेसे तास मिळतात. तेच पाणी पहाटे दिले तर ओल वाढत नाही, दव धुऊन जाते आणि ऊन चढताच पान सुकते. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, मूळ भिजेल असे द्यावे. गोल्फच्या मैदानांवर पहाटे बांबूने दव झटकण्याची जुनी रीत आहे; छोट्या अंगणात ते पाच मिनिटांचे काम.

खालच्या मातीकडे तर कोणी बघतच नाही. बिल्डरने टाकलेला राडारोडा, त्यावर चार-सहा इंच लाल माती, त्यावर लॉनच्या लाद्या. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, वरच अडून राहते, आणि मुळे पावसाळाभर चिखलात. वर जुन्या खोडा-मुळांची गादी अर्ध्या इंचाहून जाड झाली की तिच्यातच बुरशी मुक्काम ठोकते. ती विंचरून काढणे, काट्याने भोके पाडून वाळू-शेणखत भरणे, एका कापणीत एक तृतीयांशाहून जास्त पान न कापणे, या कामांना पुडीचा पर्याय नाही.

औषधाला माझा सरसकट विरोध नाही. नुकत्याच लावलेल्या लाद्यांवर पिथियम दिसले तर त्याच दिवशी योग्य औषध द्यावे. दोन दिवसांत लॉन हातचे जाईल. दरवर्षी त्याच जागी रायझोक्टोनिया उठत असेल तर डाग दिसण्यापूर्वीची फवारणी उपयोगी, औषधाचा गट आलटून पालटून. पण आधी निदान आणि मग पंप.

आमच्या आंब्याखालचा पट्टा मात्र मला कधीच साधला नाही. तिथे तीन वर्षे डाग येत राहिले. दुपारी दोनपर्यंत दव सुकत नसे. शेवटी तिथले गवत काढले आणि नेचे लावले. त्यांना ती सावली मानवली आहे.