माळ तुटले, पाऊस बदलला: माळढोक, तणमोर आणि लांडगा जाणार कुठे?

माळरान म्हणजे ओसाड जमीन, हा आपल्याकडचा जुना समज. सरकारी दप्तरातही बऱ्याच माळांची नोंद 'पडीक' अशीच सापडते. प्रत्यक्षात ग्वाल्हेर-माळव्यापासून सोलापूर, उत्तर कर्नाटक आणि कर्नूलपर्यंत ठिकठिकाणी पसरलेले हे कमी पावसाचे गवताळ पट्टे माळढोक, तणमोर, काळवीट, चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचं घर आहेत. हवामान बदलतंय, तसं या जिवांना जागा बदलावी लागणार. अडचण अशी की निघायचं म्हटलं तर वाटच तुटलेली आहे.

तुकडे पडणं म्हणजे काय?

माळ एका दिवसात नाहीसा होत नाही. आधी मधून रस्ता जातो, मग कालवा येतो. कालव्यामागून ऊस येतो, मग कुंपण, विजेच्या तारा, प्लॉट. शेवटी मोठ्या माळाच्या जागी लहान लहान ठिगळं उरतात. नकाशावर गवत दिसतं, पण एका ठिगळातून दुसऱ्यात जाणं जनावराला जमत नाही. ठिगळ जितकं लहान, तितकी कडा जास्त, आणि कडेनेच भटकी कुत्री, आग आणि माणसांची वर्दळ आत येते.

याचा हवामानाशी संबंध काय?

डोंगरावरच्या प्राण्याला उकाडा वाढला तर थोडं वर सरकता येतं. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण अर्ध्या अंशाहून जास्त उतरतं. सपाट माळावर तेवढ्याच गारव्यासाठी कित्येक कोस चालावं लागतं.

दुसरी गोष्ट पावसाची. कोरडवाहू भागात पाऊस नेहमीच लहरी. एका तालुक्यात बरसतो, शेजारच्या तालुक्यात थेंब नाही. म्हणून माळावरचे प्राणी गवत आणि किडे असतील तिकडे सरकत आले. धनगर मेंढरं घेऊन फिरतात, तेच गणित. आता पावसातले खंड लांबतात आणि मग एकदम मुसळधार कोसळतो. म्हणजे फिरण्याची गरज वाढली आणि फिरण्याची सोय घटली.

तणमोराचं उदाहरण घ्या. हिंदीत त्याला खरमोर म्हणतात. पाऊस सुरू झाला की तो माळव्यात, गुजरातेत, राजस्थानात विणीसाठी येतो. मादीला दिसावं म्हणून नर उंच गवतातून दिवसात शेकडो उड्या मारतो. पाऊस लांबला तर गवत वाढत नाही. पूर्वी शेजारचा माळ असायचा, आज तिथे बहुधा सोयाबीन असतं.

कुठे काय झालं?

- नान्नज (सोलापूर): १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात गावं आणि खासगी शेतंही आली. निर्बंधांवरून लोक नाराज झाले आणि पुढे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.
- करेरा (शिवपुरी, मध्य प्रदेश): १९८१ मध्ये अभयारण्य झालं. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आल्याने गावकऱ्यांचा रोष पक्ष्यावर निघाला. माळढोक तिथून नाहीसा झाला.
- राणेबेन्नूर (हावेरी, कर्नाटक): ११९ चौरस किलोमीटरचं काळवीट अभयारण्य. माळावर निलगिरीची लागवड झाली. काळवीट राहिले, माळढोक गेला.
- नालिया (कच्छ): माळढोकासाठी राखलेलं अभयारण्य जेमतेम २ चौरस किलोमीटरचं. भोवतीचा माळ टिकला नाही तर एवढ्याने भागत नाही.

आज देशात माळढोक दीडशेहूनही कमी उरलेत, बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात.

कोण तगतं, कोण नाही?

काळवीट शेतात चरून दिवस काढतो, पण मग पिकाचं नुकसान आणि शेतकऱ्याशी वैर आलंच. लांडगा शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. मात्र वस्तीजवळ राहिल्याने भटक्या कुत्र्यांशी त्याचा संकर होऊ लागलाय, पुणे परिसरात जनुकीय तपासणीत तो सिद्धही झाला. माळढोकाचं तसं नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक वीण फसली की वर्ष गेलं.

उपायच अडचण होतो तेव्हा

कोळसा जाळणं कमी करायचं तर सौर आणि पवन ऊर्जा हवीच. पण तिच्यासाठी जमीन शोधताना बोट पहिल्यांदा 'पडीक' माळावर पडतं. जडशीळ माळढोकाला समोरच्या तारा वेळेत दिसत नाहीत. तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, २०२४ मध्ये न्यायालयाने तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली.

वृक्षारोपणाचंही तसंच. माळावर झाडं लावली की हिरवळ दिसते, पण मोकळ्यावर राहणाऱ्या पक्ष्याचं घर जातं. गवतही कार्बन साठवतं, फक्त तो मुळांत आणि मातीत असल्याने डोळ्यांना दिसत नाही.

काय करता येईल?

पहिलं, माळाला 'पडीक' म्हणणं थांबवून दप्तरात गवताळ परिसंस्था म्हणून नोंद हवी. दुसरं, मोठं अभयारण्य कागदावर काढण्यापेक्षा उरलेली ठिगळं जोडणं महत्त्वाचं: गायरानं, कुरणं, वनखात्याचे माळ आणि मधली कोरडवाहू शेती. ज्वारी-बाजरीचं शेत माळढोकाला चालतं. ऊस आणि तारेचं कुंपण चालत नाही. म्हणून कोरडवाहू पीक घेणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले, तर वाट आपोआप मोकळी राहील. करेऱ्याचा धडा हाच, की शेतकऱ्याला वगळून पक्षी वाचत नाही.

तिसरं, राज्यांनी एकत्र बसणं. सोलापूरच्या माळावरून उडालेल्या पक्ष्याला पलीकडे कर्नाटक लागलं हे कळत नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या आपल्याला मात्र कळतं. गावच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल, तेव्हा ही जमीन रिकामी नाही, एवढं तरी आपण सांगू शकतो.