कुलूप आणि त्याची परीक्षा

ज्ञातीच्या स्मरणिकेत कुलपाचा इतिहास कशास, असे कोणी विचारील. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील आपली कितीतरी घरे गणपती व शिमगा सोडल्यास वर्षभर कुलपाच्याच स्वाधीन असतात, हे ध्यानी घेतल्यास विषय अप्रस्तुत वाटणार नाही. पूर्वी दाराला अडसर पुरे होई. पण अडसर घालावयास आत माणूस लागतो. माणसे मुंबईस गेली आणि पहारा कुलपाकडे आला. तो पहारेकरी कितपत विश्वासाचा, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून, ते किल्लीवाचून उघडणारास दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. १८१७ साली त्याच्या कारखान्यातील रसेल नामक कारागिराने अशा कुलपांत खोट्या खाचा पाडण्याची युक्ती काढली. चोराच्या हाताला खाच लागावी, काम फत्ते झाले असे वाटावे, आणि कुलूप मात्र बंदच राहावे! पुढील वर्षी जेरेमाया चब याने, कोणी खटपट केल्यास मालकाला वर्दी देणारे कुलूप बनविले. अखेर १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर हॉब्स याने चबचे कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत, आणि ब्रामाचे सोळा दिवसांत मिळून सुमारे एकावन्न तास खपून उघडले. अशा विद्येचा बोभाटा केल्यास चोरांचे फावेल, अशी ओरड झाली. चोरांना ती आधीच अवगत असते, अज्ञानात राहतो तो गृहस्थच, असा हॉब्सच्या बाजूचा युक्तिवाद होता. आणि आम्हांस तो यथार्थ वाटतो.

पुढे अमेरिकेत धाकट्या लायनस येल याने १८६१ व १८६५ साली खुंट्यांच्या कुलपाची एकस्वे घेतली. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांची. यातील प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांची असते. किल्लीच्या दात्यांनी सर्व सांधे एका रेषेत आले म्हणजे आतील गोल गाभा फिरतो. मात्र कितीही कुशल कारागीर असला, तरी सर्व छिद्रे रेसभरही न चुकता एका ओळीत पाडणे अशक्य. त्यामुळे गाभ्यावर किंचित पीळ दिला की खुंट्या एकदम न अडता एकेक अडते, आणि जाणत्या बोटांना ती कळते. या उणिवेवर तोड म्हणून संरक्षक खुंट्या आल्या: कोणी डमरूसारखी मध्ये बारीक, कोणी अळंबीच्या आकाराची. पिळाखाली तिची कंबर अडकते, गाभा थोडासा वळतो, आणि कुलूप उघडल्याचा भास होतो. पीळ सैल करावा, तर आधी बसविलेल्या खुंट्या पुन्हा खाली येतात. रसेलच्या खोट्या खाचेचाच हा वंशविस्तार होय. हीही अभेद्य नव्हे. ती चोराचा वेळ खाते, आणि चोराजवळ वेळच कमी असतो.

आपल्याकडे वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागेस कुलपांचा कारखाना काढला. परदेशी मालच खात्रीचा, अशी समजूत असण्याचा तो काळ. ती केवळ स्वदेशीच्या घोषणेने मोडली नाही. माल कसोटीस उतरला म्हणून मोडली. त्याच कारखान्याचे ‘नवताल’ पुढे घरोघरी गेले. त्याची रचना खुंट्यांची नसून तरफपट्ट्यांची आहे.

तात्पर्य, कुलपाची प्रगती त्याचे दोष झाकून झाली नाही, ते चव्हाट्यावर मांडून झाली. संस्थांचेही असेच आहे. ज्या मंडळाचे हिशेब कोणीही तपासावेत, त्याच्याच पेटीवर विश्वास बसतो. बंधुभगिनींस एवढीच विनंती, की उत्तम कुलूप घ्यावे, कोयंडा कुजला असल्यास आधी तो बदलावा, आणि किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवू नये. गावी राहिलेल्या शेजाऱ्याची मात्र अधूनमधून पत्राने वा फोनने विचारपूस करीत जावी. बंद दाराकडे येताजाता त्याचे लक्ष असते, तोवरच कुलपाने मिळविलेला वेळ आपल्या उपयोगी पडतो.